पोस्टरवरचे ८२ टक्के

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी २३ वर्षांची, नागपूरची, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घरात इतकं शिकलेली पहिलीच. बाबांचं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान, उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी आणि पंपांवर वर्षाची निम्मी कमाई. बाबांना नऊ वर्षांपासून मधुमेह. मुलीचा प्रकल्प जांभळाच्या बिया, बेलफळ आणि संत्र्याची साल यांच्या अर्कांवर. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात तिने पोस्टर लावलं, दुसरं बक्षीस मिळालं. पोस्टरवर ठळक अक्षरांत होतं: जांभूळ बियांच्या अर्काने अल्फा-ग्लुकोसिडेज हे पिष्टाची साखर करणारं एन्झाइम ८२ टक्के रोखलं, त्याच चाचणीत अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाने ४१ टक्के. बाबा बघायला आले होते. त्यांनी फोटो काढून घेतला, मोठा करून दुकानात लावला आणि मार्चपासून साखरेच्या गोळ्या बंद केल्या. आता दोन्ही वेळा जांभूळ बियांची पूड दोन-दोन चमचे, वरून गच्चीवर वाळवलेल्या संत्र्याच्या सालींचा काढा. उपाशीपोटीची साखर आधी १२५ च्या आसपास असायची, गेल्या पंधरवड्यात दोनदा २१० च्या वर आली. बाबा म्हणतात, मशीन बिघडलं. डॉक्टरांकडे जायला तयार नाहीत, ते रागावतील म्हणून. आई म्हणते, गोळी कुटून वरणात घालू, त्यांना कळणारही नाही. भरीस भर, इतवारी बाजारात दुकान असलेले बाबांचे एक मित्र चूर्णाच्या पुडीवर छापायला ग्राफ मागताहेत. मुलगी विचारते: "हे औषध नाही असं मी सांगितलं तर माझंच संशोधन खोटं ठरतं. गप्प राहिले तर बाबांच्या जिवाशी खेळ. माझ्यामुळे त्यांनी गोळ्या सोडल्या. मी काय करू?"

बेटा,

आधी तातडीचं बोलू, बाकी सगळं मागून. बाबांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचं आहे. खूप तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, वजन उतरणं, नजर धूसर होणं, मळमळ, उलट्या किंवा नेहमीपेक्षा जास्त सुस्ती, यांतलं काही दिसलं किंवा मशीनवरचा आकडा ३०० च्या पुढे जाऊ लागला, तर नंबर लावून वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलाय. साखर वाढलेला माणूस लघवीतून पाणी घालवतो, आणि तापलेल्या पत्र्याखाली मोटारी उघडून बसला की घामातूनही. अंगातलं पाणी किती कमी झालंय हे त्याला फार उशिरा कळतं. आणि जुनं पाकीट काढून मनानेच गोळ्या पुन्हा सुरू करू नका. अडीच महिन्यांचा खंड पडलाय. किडनीची तपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी, ती टक्क्यांत मोजतात) बघून डॉक्टर डोस ठरवतील.

आता तुझा प्रश्न. "हे औषध नाही असं म्हटलं तर माझं संशोधन खोटं ठरतं" या वाक्यावर मी जरा थांबले. मी तीसेक वर्षं याच विषयाच्या प्रयोगशाळेत मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. तुझ्यासारखे ८२ टक्के मी शेकडो वेळा पाहिले, आणि त्यातले बहुतेक खरे होते. तुझेही खरे असतील. पण ८२ टक्के कशाचे? बाबांनी वाचलं की साखर ८२ टक्के उतरते. तू मोजलं होतंस ते पिवळ्या रंगाचं कमी होणं.

तो प्रयोग डोळ्यांसमोर आण. बर्फात ठेवलेली एन्झाइमची कुपी. त्या एन्झाइमला खायला दिलेला एक बनावट घास, जो तुटला की पिवळा रंग सुटतो. रंग मोजणारं मशीन ४०५ नॅनोमीटरवर लावायचं आणि पिवळेपणा मोजायचा. अर्क घातल्यावर पिवळा कमी आला म्हणजे एन्झाइम अडलं. त्या नळीत भात नाही, भाकरी नाही, वरण नाही, जठरातलं आम्ल नाही, माणूस तर नाहीच. नळीने तिला विचारलेल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं. बाबांनी ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहून टाकलं.

आणि ते एन्झाइम कुणाचं होतं, हे एकदा बाटलीवर बघून घे. कॉलेजांमध्ये बहुतेक वेळा येतं ते यीस्टचं, कारण ते स्वस्त आणि सहज मिळणारं. गंमत अशी की अकार्बोज माणसाच्या आतड्यातल्या एन्झाइमला घट्ट धरतं, पण यीस्टच्या एन्झाइमवर त्याचा जोर फारच कमी चालतो. या क्षेत्रातल्या जाणत्यांना हे ठाऊक असतं, तरीही "आमचा अर्क अकार्बोजपेक्षा सरस" अशी शीर्षकं दरवर्षी निघतात. तू ज्याला शर्यतीत हरवलंस त्याचा एक पाय आधीच बांधलेला होता. हा दोष तुझा नाही, तुझ्या गाईडने सांगायला हवं होतं. पण आता तुला कळलंय, तर प्रबंधात ते एक वाक्य आलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट तुला जिभेवरच सापडेल. पिकलं जांभूळ तोंडात टाक. आधी गोड, मग तुरट, मग जीभ जांभळी आणि खरखरीत, टाळ्याला चिकटल्यासारखी. ही खरखर म्हणजे फळातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतात ती. एन्झाइम हेही प्रथिनच. नळीत टॅनिन ओतलंस की ते समोर दिसेल त्या प्रथिनाला मिठी मारतं, मग ते अमायलेज असो, ग्लुकोसिडेज असो की आणखी कुठलं. त्याला अडवणं म्हणता येतं, पण कुलपात चावी बसावी तसं ते नसतं, कुलपावर डांबर ओतावं तसं असतं. आणि बाबांच्या पोटात त्या टॅनिनला तुझं इवलंसं एन्झाइम एकटं भेटत नाही. तिथे डाळीची, दह्याची ढीगभर प्रथिनं त्याच्या वाटेत असतात, आणि ते त्यांनाच आधी धरून बसतं.

माझ्याकडे एकदा एका मुलाने, उन्हाळ्याचे दिवस, अर्क संपलेला, सबमिशन चार दिवसांवर, वैतागून कॅन्टीनमधला कोरा चहा गाळून नळीत टाकला. चहाने त्याच्या बेलफळाइतकंच एन्झाइम अडवलं. आम्ही दोघं रीडिंगकडे बघत राहिलो. मी तेव्हा हसले होते, पण तो आलेख मी फेकला नाही. पुढे प्रत्येक बॅचला कोरा चहा कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेची नळी म्हणून, लावायला लावला. तूही लाव. शिवाय एका नळीत अल्ब्युमिन हे साधं प्रथिन घालून बघ, अर्काचा जोर किती उतरतो ते. उतरला, तर काम टॅनिनचं होतं. आणि तुझ्या अर्काला स्वतःचा गडद रंग आहे, त्याचं वेगळं ब्लँक (एन्झाइमशिवाय नुसत्या अर्काची नळी) लावलं होतंस का, तेही बघ.

संत्र्याच्या सालीचा काढा बाबा कशासाठी घेतात ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. पोस्टरच्या खालच्या अर्ध्या भागात अँटिऑक्सिडंटचा तक्ता असणार. डीपीपीएचचं जांभळं द्रावण, त्यात अर्क टाकला की ते पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरवर मोजायचं, सोबत तुलनेला व्हिटॅमिन सी. दिसायला फार देखणा प्रयोग, म्हणून पोस्टरवर हटकून असतो. संत्र्याच्या सालीत, विशेषतः आतल्या पांढऱ्या भागात, हेस्पेरिडिन हे अँटिऑक्सिडंट द्रव्य भरपूर असतं, त्यामुळे रंग उडतोही. पण डीपीपीएच हे बाटलीतलं रसायन आहे, शरीरात ते कुठेच नसतं. आणि खाल्लेल्या या द्रव्यांतलं रक्तात उतरतं थोडंसंच, तेही आतड्यात आणि यकृतात रूप पालटून. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट ताकदीची एक मोठी यादी केली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती स्वतःच संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण कंपन्या ते नळीतले आकडे माणसाच्या तब्येतीचे म्हणून छापत सुटल्या होत्या. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, आणि जास्त म्हणजे आणखी चांगलं, हा हिशेब तिथे साफ कोसळला.

(प्रदर्शनांत एक खेळ करून दाखवतात: ग्लासभर पाण्यात आयोडीन टाकून ते तपकिरी करायचं, मग त्यात "नैसर्गिक अर्का"चे थेंब, आणि पाणी काचेसारखं स्वच्छ. बघा, शरीरातला कचरा असाच निघतो! तो खेळ घरातल्या आवळ्याच्या रसानेही होतो, लिंबानेही. व्हिटॅमिन सी आयोडीनचा रंग घालवतं, एवढंच. इतवारीच्या काकांनी हा प्रयोग दाखवला तर तू दुसऱ्या ग्लासात लिंबू पिळून दाखव.)

पण हे सगळं बाबांना सांगितलंस तर ते काय म्हणतील ते मला ऐकू येतंय. "तूच तं लिहिलं ना बेटा ८२ टक्के? अन् बक्षीसही मिळालं ना?" म्हणून यीस्ट, टॅनिन, डीपीपीएच यांतलं काहीच त्यांच्यापुढे काढू नकोस. ते तुझ्या व्हायव्हासाठी, तोंडी परीक्षेसाठी. त्यांच्याशी बोलायला तुझ्या पत्रातच एक गोष्ट आहे, आणि ती तू सहज लिहून गेलीस: उपाशीपोटीची साखर वाढली.

समज, तुझा अर्क माणसाच्या पोटातही खरोखर अकार्बोजसारखा चालतो. तो काय करील? जेवणातल्या पिष्टाची साखर व्हायला उशीर लावील. म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी येणारी उसळी थोडी बसेल. पण पहाटे सहाला बाबांच्या बोटातून काढलेल्या थेंबात रात्रीची भाकरी नसते, ती केव्हाच पचून गेलेली असते. पहाटेची साखर यकृत सोडतं. आपण झोपलेले असताना मेंदूला चालू ठेवायला यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं, आणि मधुमेहात त्याचा ब्रेक सैल झालेला असतो. मेटफॉर्मिन मुख्यतः तो ब्रेक लावतं. (बाबांची गोळी बहुधा तीच असणार, नऊ वर्षांच्या मधुमेहात सोबत आणखी एखादी असेल.) बाबांनी यकृताची गोळी बंद करून आतड्याचं चूर्ण सुरू केलं. चूर्ण अगदी दर्जेदार असतं तरी ते चुकीच्या दारावर पहारा देत होतं. खुद्द अकार्बोजसुद्धा, खरं औषध, पूर्ण डोसमध्ये, तीन महिन्यांची साखर साधारण अर्धा ते पाऊण टक्काच उतरवतं. ते मेटफॉर्मिनच्या जोडीला देतात, त्याच्या जागी सहसा नाही.

आता हे वाइंडिंगच्या भाषेत सांग. ती भाषा बाबांना माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा चांगली येते. मोटार गुंडाळून झाली की ते टेबलावर तिला वायर लावतात, ती फिरते, आवाज स्वच्छ येतो. म्हणून गिऱ्हाइकाला देतात का लगेच? पंखा चढवायचा असतो, कूलरच्या पेटीत बसवायची असते, ४५ डिग्रीत दुपारी बारा ते पाच चालवायची असते. बिनलोडवर गाणारी मोटार लोडवर दोन तासांत जळते, हे त्यांनी किती वेळा पाहिलं असेल. त्यांना म्हण, "बाबा, माझी मोटार टेबलावर फिरली. बक्षीस त्याचं मिळालं. लोडवर अजून कुणी लावली नाही, आणि तुम्ही ती थेट स्वतःच्याच कूलरमध्ये बसवली." यात तुझं संशोधन खोटं पडत नाही. त्यांच्या दुकानात रोज जी पायरी पाळतात, ती तू तुझ्या कामाला लावतेयस. लोडवर लावण्याचे प्रयत्न जगात झालेलेही आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन पाहिला, तिथे लोक तो पिढ्यान्‌पिढ्या पीत आले आहेत. साखर उतरली नाही. पानं वेगळी, बिया वेगळ्या, हे मान्य. पण टेबलावरचं लोडवर टिकेलच असं नसतं, हे त्यातून दिसतं.

"माझ्यामुळे त्यांनी गोळ्या सोडल्या" या वाक्यावर माझा तितकासा विश्वास नाही. नऊ वर्षं नियमित गोळ्या घेणारा माणूस एका पोस्टरने गोळ्या सोडत नाही. त्याला त्या सोडायच्याच असतात, तो फक्त कारणाची वाट बघत असतो. बाबांना शांतपणे विचार: गोळीने काय होत होतं? मेटफॉर्मिनने अनेकांना पोटात गुडगुड, गॅस, पातळ शौच होते. दिवसभर दुकानात बसणाऱ्या, शेजारच्या हॉटेलचं शौचालय वापरावं लागणाऱ्या माणसाला हा केवढा जाच असतो, आणि तो मुलीला कुणी सांगत नाही. डॉक्टरांनाही सांगत नाहीत, कारण दोन मिनिटांत ते काय बोलणार. यावर उपाय असतात. गोळी जेवणाच्या मध्ये घेणं, डोस हळूहळू वाढवणं, हळू विरघळणारा प्रकार घेणं, औषधच बदलणं. कदाचित जाच पोटाचा नसेलही. जन्मभर गोळ्या म्हणजे आपण आजारी, हे मनाला खात असेल. किंवा लेकीने बनवलेलं औषध घेण्यातलं सुख असेल, आणि ते काही लहान सुख नाही. जे असेल ते ऐकून घे. त्याआधी समजावायला लागलीस तर तू त्यांच्यासाठी आणखी एक डॉक्टर होशील, रागावणारी.

आईला सांग, वरणात गोळी नको. तिचा जीव तुटतोय हे कळतं मला. पण पाकिटावर एसआर असं लिहिलेली गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते, ती कुटली की सगळं औषध एकदम सुटतं. जोडीला ग्लिमेपिराइडसारखं साखर झपाट्याने उतरवणारं काही असलं आणि बाबा त्या दिवशी वरण दोनदा घेऊन उशिरा जेवले किंवा उपवास धरला, तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येईल, आणि ती का आली हे ना त्यांना कळेल ना डॉक्टरांना. शिवाय साखर सुधारली तर श्रेय जाईल जांभळाला. मग काय, जन्मभर वरणात कुटत बसणार?

"फळच तर आहे, अपाय काय होणार?" हेही बाबा म्हणतील. हे वाचणाऱ्या बऱ्याच घरांत हेच वाक्य चालतं, म्हणून जरा सविस्तर. फळातली द्रव्यं एन्झाइम अडवतात हे खरं आहे, आणि माणसाच्या शरीरात ते सगळ्यात ठळकपणे दिसलं ते एका अपघाताने. कॅनडात एका रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस दिला, आणि रक्तात गोळीचं प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी पट आलं. १९८९ मध्ये हे छापून आलं. रसातली द्रव्यं आतड्यातलं औषध तोडणारं एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे नेहमीचीच गोळी जास्त डोस घेतल्यासारखी चढते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबरही तसंच. आपलं पपनस त्याच जातकुळीचं आहे. आपल्या गोड संत्र्याचं नाव त्यात येत नाही, हे नागपूरकर म्हणून आधीच सांगून टाकते. बिहारमधल्या मुजफ्फरपूरची गोष्ट तर याहून कठीण. दिवसा लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेली कुपोषित मुलं सकाळी बेशुद्ध सापडायची. लिचीतली दोन द्रव्यं शरीराची चरबी जाळणारी एन्झाइमं अडवतात आणि उपाशी मुलाची साखर तळाला जाते, असं २०१४ च्या साथीच्या तपासात आढळलं. लिची खाऊ नका असं मी म्हणत नाहीये. पण एन्झाइम अडवणं म्हणजे आपोआप औषध, हे डोक्यातून काढा.

बाबांनी जांभळं खावीत का? हंगामात खावीत, वाटीभर, फळ म्हणून, जेवणातला भात तेवढा कमी करून. बियांची पूड चालू ठेवायचीच असेल तर डॉक्टरांपुढे डबी ठेवून किती घेतो ते सांगून, गोळीच्या सोबत, गोळीऐवजी नाही. बाजारातली बिननावाची चूर्णं मात्र नकोत. देशी म्हणून विकलेल्या काही पुड्यांत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथी गोळ्यांचीच भुकटी मिसळलेली तपासणीत सापडलेली आहे. मग "याने खरंच फरक पडला" असं लोक सांगतात, त्यात नवल ते काय. संत्र्याच्या सालींचा काढा मी तरी बंदच करीन. बागेतल्या फवारणीचं जे उरतं ते मुख्यतः सालीवर असतं, आणि गच्चीवर धूळ खात वाळल्याने ते निघून जातंच असं नाही.

इतवारीच्या काकांना ग्राफ देऊ नकोस. इथे "बघू", "गाईडना विचारते" असलं काही नको, सरळ नाही. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, मधुमेह त्याच्या यादीत नावानिशी आहे. पुडीवर तुझा आलेख छापला गेला की तो दावा तुझ्या कॉलेजच्या नावाने फिरेल, आणि उद्या कुणाचे तरी बाबा त्याच्या भरवशावर गोळ्या सोडतील. काकांना वाईट वाटू नये म्हणून कायद्याचं नाव सांग, ते सगळ्यात सोपं. दुकानातल्या फोटोचं मात्र घाईने काही करू नकोस. तो बाबांनी साखरेसाठी लावलेला नाही, तुझ्यासाठी लावलाय. खाली एक पट्टी लिहून चिकटव: "ही नळीतली चाचणी आहे. गोळ्या बंद करू नका." तुझ्या अक्षरात. येणारी गिऱ्हाइकंही वाचतील.

आणि तुझ्या कामाची किंमत काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पत्रभर तोच आहे. १८३५ मध्ये युरोपात सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं एक कडू द्रव्य काढलं गेलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते हे पुढे लक्षात आलं. पण तोंडाने घेतलं की ते आतड्यातच तुटून जायचं, औषध म्हणून निरुपयोगी. किडनीत साखर परत खेचणारा वाहक ते अडवतं, हे कळायला आणखी दशकं लागली. मग रसायनतज्ज्ञांनी त्याचा सांगाडा थोडा बदलला, न तुटणारा केला, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि २०१० नंतरच्या दशकात डॅपाग्लिफ्लोझिन बाजारात आलं. आज ती गोळी नागपूरच्या कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळते, कदाचित बाबांना डॉक्टर तीच लिहून देतील. १८३५ मधलं काम खोटं नव्हतं. ते पहिल्या पायरीवर होतं. तूही पहिल्या पायरीवर आहेस. व्हायव्हाला स्वतःहून सांग, की एन्झाइम यीस्टचं होतं, अकार्बोजशी तुलना म्हणून लंगडी आहे, कोरा चहा लावून पाहिला, हे असं आलं. चांगला परीक्षक तुला त्यासाठी जास्त गुण देईल. वाईट परीक्षक भेटला तर दोन गुण जातील, जाऊ देत.

डॉक्टरांकडे जाताना तू सोबत जा आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य तू बोल: "गोळ्या अडीच महिने बंद होत्या, कारण माझा प्रयोग त्यांनी औषध समजून घेतला." रागावायचं असेल तर आधी तुझ्यावर रागावतील, बाबांना बसायला जागा मिळेल. पोटाच्या त्रासाचंही तिथेच बोला. जुनी पाकिटं, चूर्णाची डबी, सालींची बरणी, सगळं पिशवीत घे.

आणि ग्लुकोमीटरही घे. बाबा मशीन बिघडलं म्हणतात ते उडवून लावू नकोस, मोटारी दुरुस्त करणारा माणूस मशीनबद्दल बोलतोय. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख बघ. डबी कुठे ठेवता तेही बघ. उन्हाने आणि दमटपणाने स्ट्रिपा खराब होतात, आणि मेमध्ये घरोघरी ती डबी नेमकी कूलरशेजारच्या खिडकीत असते. दवाखान्यात शिरेतून रक्त देतील तेव्हा त्याच मिनिटाला बोटाचंही मशीनवर लाव आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिही.